वेंगुर्ल्यातलं ओळीतलं घर : सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करावा का?

ओटीवरची माई

नमस्कार मंडळी. प्रश्न घराचा आहे आणि लिहिणं जरा लांबणार आहे. थोडक्यात विचारलं की "वॉटरप्रूफिंग करून घ्या" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते मी एकदा करून बसले आहे.

वेंगुर्ल्यात बाजाराच्या रस्त्याला आमचं माहेरचं घर आहे, पणजोबांच्या वेळचं. पाच घरांची ओळ, एकाला एक चिकटून, मधल्या भिंती सामाईक. आमचं तिसरं. रस्त्यावरून पाहिलं तर पाच घरं वाटतच नाहीत, एकच लांबलचक वाडा वाटतो. खाली ओट्या, वर माडी, माडीला प्रत्येकी तीन खिडक्या आणि त्यांच्यावर अर्धगोल कमानी. दोन घरांच्या सांध्यावर भिंतीतून चार बोटं पुढे आलेला खांब, आणि छपराखाली पहिल्या घरापासून पाचव्यापर्यंत न तुटता गेलेली कंगणी, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेली नक्षीची पट्टी. खांब म्हणजे आत जांभाच, वरून चुन्यात ओढून घेतलेला. खालच्या भिंतीवर ओल्या गिलाव्यात दोरी दाबून चिऱ्यांच्या रेघाही मारल्या आहेत, घडीव दगडाची भिंत वाटावी म्हणून. लहानपणी मी त्या रेघांवरून बोट फिरवत पाचही घरं चालत जायची.

वडील गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, खालच्या भागाचे पोपडे पडायला लागले म्हणून एका ठेकेदाराला काम दिलं. त्याने चार फुटांपर्यंतचा चुना उतरवला, सिमेंटचा गिलावा केला आणि वर बाहेरचा रबरी रंग मारला. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी ओल सिमेंटच्या बरोबर वर, पाच फुटांवर दिसायला लागली. आता ती माडीच्या तुळयांना टेकायला आली आहे. आतून माजघराच्या भिंतीला लोणा धरलाय, सकाळी केर काढताना पांढरी भुकटी सुपलीभर निघते. बाहेरून सिमेंट टणक दिसतं, पण बोटाने वाजवलं की ढबढब वाजतं. ओटीचा फणसाचा खांब भिंतीला जिथे टेकलाय तिथे परवा नख आत गेलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि एक गोष्ट. गेल्या आठवड्यात माडीच्या मधल्या खिडकीखाली तळहाताएवढा पोपडा सुटला. रंगाचे सात-आठ थर होते. त्याखाली लाल पट्टा निघाला आणि लालात पांढरी वेल. पानाची कड इतकी धारदार आहे की काल सुरीने कापल्यासारखी वाटते. एका पानाच्या टोकाला हात घसरल्याचा बारीक ओरखडा आहे. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही, आणि ती या घरात पंचावन्न वर्षं राहिली.

सिमेंट काढावं का? काढलं तर भिंत उघडी पडून आणखी खराब होईल का? चुना कुठला, कशात किती मिसळायचा? आणि मी एकटीने माझ्यापुरतं केलं तर उपयोग होईल का? चौथ्या घरातले काका समोरून टाइल्स लावायच्या म्हणताहेत.

गवंड्याचा नातू

ताई, आधी एक सांगा. रस्त्यावरून तुमच्या ओटीवर चढायला आता किती पायऱ्या राहिल्यात?

ओटीवरची माई

एक. आणि तीही अर्धी. लहानपणी चार होत्या, मला नक्की आठवतं, कारण चौथीवर बसून आम्ही सागरगोटे खेळायचो.

गवंड्याचा नातू

वाटलंच. मग अर्धं उत्तर तिथेच आहे. तुमचं घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडतं, खरवडत कुणी नाही. जोतं जमिनीच्या वर राहावं म्हणून बांधलेलं होतं, ते आता जमिनीत गेलंय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. त्याचं तोंड ओल्या मातीत बुडालं की पाणी वर चढणारच.

पूर्वीही चढायचं. पण चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडून वाऱ्याने उडून जायचं. आजोबा म्हणायचे, "भिंतीक घाम येवक व्हयो." सिमेंट आणि रबरी रंगाने तो घाम कोंडला. बाहेर वाट नाही म्हणून पाणी वर गेलं, सिमेंट संपलं तिथे बाहेर आलं. तुमची ओल बरोबर सिमेंटच्या वर दिसते ती याचमुळे. पाण्याबरोबर मीठ येतं, जमिनीतलंही आणि खाऱ्या वाऱ्याचंही. पाणी उडतं, मीठ मागे राहून खडे धरतं. ते खडे सिमेंटच्या पाठीमागे वाढले की सिमेंट भिंतीपासून सुटतं आणि ढबढब वाजतं. सुटताना जांभ्याचा पापुद्राही सोबत घेऊन येतं.

तेव्हा सिमेंट काढाच. पण कसं, ते महत्त्वाचं.

ब्रेकर मशीन लावू देऊ नका. छन्नी आणि हलका हातोडा. जिथे ढबढब वाजतं तिथून सुरुवात करा, ते चादरीसारखं निघेल. जिथे घट्ट धरलंय तिथे ओढाताण केली तर चिरा फुटेल, तिथे बोटबोटभर पुढे जा. हे आत्ता, शिमगा झाल्या झाल्या करा. मग चैत्र-वैशाखाचं ऊन भिंतीला उघडं मिळू दे. वर येणारं मीठ कोरड्या कुंच्याने झाडायचं आणि भरून लांब टाकायचं. पाण्याने धुवायचं नाही, मीठ विरघळून परत आत जातं. त्याच दोन महिन्यांत जोत्याचा प्रश्न सोडवा: भिंतीलगत हातभर रुंदीचा चर खणून जुन्या जोत्याची कड उघडी करा, त्यात खडी भरा आणि पाणी पुढच्या गटाराकडे काढून द्या. रस्ता सार्वजनिक आहे, त्यामुळे नगरपरिषदेला लेखी कळवून. हे केल्याशिवाय चुना लावलात तर चुनाही दर दोन वर्षांनी पडेल आणि तुम्ही चुन्याला दोष द्याल.

गिलावा पावसाआधी करू नका. चुना धरायला वेळ लागतो. शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी उरते. कळी पाण्यात फोडली की चुना. तो भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत पुन्हा दगड होतो. हे काम हळू चालतं आणि झोडपणाऱ्या पावसात चालतच नाही. पावसाळ्यात उघड्या भिंतीला झावळ्यांची झड बांधा, पूर्वी पश्चिमेच्या भिंतींना बांधायचे तशी. ताडपत्री बांधलीत तर भिंतीपासून वीतभर लांब, वारा खेळला पाहिजे.

हे चार महिने वाया जात नाहीत. परसात खड्डा किंवा पिंप घेऊन चुना आत्ताच भिजत घाला. पिंपात आधी पाणी, मग त्यात कळी थोडी थोडी. उलटं कधीच नाही, कळीवर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. डोळ्याला चष्मा, हाताला मोजे, पोरं लांब. लोणी झालं की वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवा. दसऱ्यापर्यंत असा मुरेल की थापीवरून साईसारखा उतरेल. "चुनो जितको जुनो तितको बरो" हेही आजोबांचंच.

माप म्हणाल तर मी एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू इथून सुरू करतो. तुमच्यासारख्या ओलीच्या भिंतीला सुरखी हवीच, चुना एकटा ओलीत धरत नाही. सुरखी म्हणजे भट्टीच्या विटांचा चाळलेला चुरा, पण करपून काळी झालेली वीट नको. वाळू खाडीची अजिबात नको. चिमूटभर जिभेवर ठेवा, खारट लागली तर ट्रक परत पाठवा. गुळाचं पाणी आणि हिरड्याचं पाणी आम्ही अजून घालतो, आणि पहिल्या थरात कातरलेला ताग. पूर्वी हे सगळं घाणीत मळायचे, गोल चराच्या भोवती बैल दगडी चाक ओढायचा. आता मिक्सर आहे, पण मिक्सरने मळल्यावरही एक दिवस झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी परत मळा.

भिंत आधी ओली करा. पहिला थर थापीने फेकून मारायचा, थापायचा नाही. प्रत्येक थर अर्ध्या इंचाच्या आत. थर सुकताना भेगा पडल्या तर लाकडी गुरमाळ्याने परत दाबून घ्या. वरून ओलं गोणपाट, निदान दोन आठवडे. शेवटी निरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा, हात, आणि रंग म्हणजे फक्त चुन्याची सफेदी. पिवडी किंवा नीळ घाला, पण डब्यातला रंग नको. आधी मागच्या भिंतीवर हातभर तुकडा करून महिनाभर बघा.

आता तुमची वेल. ताई, ती कावी आहे. सिंधुदुर्ग, गोवा, खाली कारवारपर्यंत देवळांच्या भिंतींवर दिसते. चुन्याच्या पांढऱ्या थरावर काव, म्हणजे लाल माती, घातलेल्या चुन्याचा लाल थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचं पांढरं काढायचं. खोडायची सोय नाही. तो ओरखडा आहे ना, तो घसरलेला हात तिथेच राहिला. पोपडे घासकागदाने काढू नका. बांबूची पट्टी तासून घ्या आणि जिथे सुटतंय तेवढंच काढा. बाकीचं जाणकार माणूस येईपर्यंत रंगाखालीच सुरक्षित आहे.

व्यवहारी

माफ करा, पण हे सगळं वाचायला छान वाटतं. आमच्याकडे चुन्याचं काम करणारा गवंडी दोन तालुक्यांत शोधूनही मिळाला नाही. मिळाला तो म्हणाला, "चुन्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर धरतं." मजुरी सिमेंटपेक्षा बरीच जास्त. ज्यांना दर महिन्याला दुकानाचा गाळा चालवायचा आहे, त्यांनी दसऱ्यापर्यंत भिंत उघडी ठेवायची का?

गवंड्याचा नातू

तुमची अडचण खरी आहे. ताईंनी सगळी भिंत करू नये, फक्त सिमेंट आहे तेवढीच करावी, वरचा जुना चुना ठणठणीत आहे. सिमेंट मिसळायला मात्र नाही म्हणा. धरतं लवकर, पण ज्या कारणासाठी चुना लावतोय तेच जातं. देवळांची कामं करणारे गवंडी अजून आहेत. जीर्णोद्धार चालू असलेल्या देवळात जाऊन विचारा, फोनवर सापडणार नाहीत.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. पुढची खोली आम्ही सिमेंट करून टाइल्स लावलेली, मागचं कोठार जुनं चुन्याचं, पैसे नव्हते म्हणून तसंच ठेवलेलं. कोठार दिवाळीला कोरडं झालं, त्यात फराळाचे डबे ठेवले. पुढच्या खोलीच्या टाइल्समागून संक्रांतीपर्यंत पाणी झिरपत होतं. चौथ्या घरातल्या काकांना हे नक्की सांगा.

होव्हहून परत

मी मूळचा शिरोड्याचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह इथे अकरा वर्षं राहून आता परत आलोय. माईंचा शेवटचा प्रश्न, एकटीने केलं तर उपयोग होईल का, त्याबद्दल लिहितो.

मी ब्रन्सविक स्क्वेअरमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. समोर समुद्र, आणि तीन बाजूंना घरांच्या ओळी, सगळ्या गिलाव्याच्या, सायीच्या रंगाच्या. १८२४ च्या सुमाराला काम सुरू झालं. चार्ल्स बझ्बी आणि अ‍ॅमन वाइल्ड्स या दोन वास्तुविशारदांचं ते काम. व्यवस्था अशी होती की दर्शनी भाग ठरलेल्या नकाशाबरहुकूम, आणि त्यामागचं घर ज्याने प्लॉट घेतला त्याने आपल्या सोयीने बांधायचं. म्हणून पुढून एक राजवाडा दिसतो: खांब, कंगणी, फुगीर खिडक्या, लोखंडी गॅलऱ्या. मागच्या गल्लीतून पाहिलं तर प्रत्येक घर वेगळं, कुठे वीट, कुठे गारगोटी, कसेही गेलेले पाइप. माईंनी लिहिलेल्या दोरीच्या रेघा वाचल्या आणि मला तिथली भिंत आठवली. तिथेही गिलाव्यावर अशाच रेघा, बाथ गावच्या महागड्या दगडाची नक्कल म्हणून.

आणि आत काय, तर रोडा! होव्ह आणि त्याला लागूनच्या ब्रायटन शहरातल्या कितीतरी जुन्या भिंती 'बंगरूश'च्या आहेत. गारगोट्या, विटांचे तुकडे, हाती लागेल ते फळ्यांच्या साच्यात टाकून वर चुना ओतलेला. तिकडे म्हणतात की पाण्याचा पाइप नीट रोखला तर अर्धं ब्रायटन पाडता येईल. ही भिंत फार ओली झाली तर चुना धुऊन जातो, आणि तिला कोंडलं तरी सडते. आमच्या शेजारच्या घरात आधीच्या मालकाने खालच्या मजल्याला सिमेंट केलेलं. ओल वर चढून आमच्या जिन्यात आली, कारण मधली भिंत दोघांची होती. तक्रार आम्ही केली, काम त्यांना करावं लागलं, आणि ते होईपर्यंत दोन हिवाळे गेले.

कुणी म्हणेल की तिथला गिलावाही सिमेंटचाच होता. जेम्स पार्करने १७९६ मध्ये 'रोमन सिमेंट'चं पेटंट घेतलं आणि लंडनमध्ये जॉन नॅश या वास्तुविशारदाने रीजंट्स पार्कच्या ओळी अशाच गिलाव्याने मढवल्या, हे खरं. पण ते मातीमिश्रित चुनखडीचे गोटे भाजून केलेलं होतं. आजचं पोर्टलंड सिमेंट वेगळं, त्याचं पहिलं पेटंट १८२४ चं आणि तेव्हापासून ते कितीतरी जास्त कडक होत गेलं. एका नावावरून दोन्ही एकच समजू नका.

ब्रन्सविक स्क्वेअरच्या दर्शनी भिंती दर पाच वर्षांनी आणि ठरलेल्या एकाच रंगात रंगवाव्या लागतात. १९७६ चा तिथला स्थानिक कायदाच आहे. पाडून नवं बांधायचा घाटही १९४५ मध्ये घातला गेला होता. लोकांनी जुन्या इमारती वाचवायला रीजन्सी सोसायटी ही संस्था काढली आणि तो हाणून पाडला. आज १३ नंबरच्या घरात संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा एका खोलीत गिलावा मुद्दाम उघडा ठेवला होता, थरावर थर मोजता यावेत म्हणून. मी तिथे बराच वेळ उभा होतो, शिरोड्याच्या आमच्या पाडलेल्या घराचा विचार करत.

आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या ओळीसाठी तसा कायदा नाही. म्हणून माई, तुम्ही पाचही घरांना एकत्र बसवा, आणि कंगणीपासून सुरुवात करा. ती सलग आहे. तुमच्या डोक्यावरची नीट केली आणि चौथ्याच्या डोक्यावर फुटकी राहिली तर तिथलं पाणी सामाईक भिंतीत उतरून तुमच्याकडेच येणार.

ओटीवरची माई

उशिरा लिहिते आहे, क्षमा करा. सगळ्यांची उत्तरं छापून आईला वाचून दाखवली. जोत्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, "पायऱ्या गेल्या तेव्हाच मी तुझ्या बाबांना म्हटलं होतं."

शिमग्यानंतर दोन गड्यांकडून सिमेंट काढायला घेतलं. नातूदादा, तुम्ही म्हणालात तसंच, कोपऱ्यापासून चादरीसारखं सुटलं. मागे जांभा काळपट ओला होता आणि वास विहिरीचा. तिसऱ्या दिवशी तो वरून फिकट व्हायला लागला. आता छातीच्या उंचीपर्यंत लाल दिसतोय. मीठ रोज झाडते. चर खणल्यावर दोन बुडालेल्या पायऱ्या सापडल्या, घडीव, कडा झिजलेल्या. चौथी कुठे गेली कळत नाही.

पाडव्याला पाचही घरांना ओटीवर बोलावलं. चार आली. चौथ्या घरातले काका आले पण टाइल्सचा कॅटलॉग घेऊन. मी त्यांना वाशिष्ठीकाठ यांचं वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं, बोलले काही नाहीत. मग माडीवर नेऊन वेल दाखवली. बांबूच्या पट्टीने मी ती आता खिडकीच्या डाव्या कडेपर्यंत मोकळी केली आहे, आणि ती सांध्यावरच्या खांबावर चढून त्यांच्या बाजूला जाते. काका चष्मा काढून अगदी जवळून बघत राहिले. त्या पानाच्या ओरखड्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग "येतंय," म्हणून खाली गेले.

संध्याकाळी त्यांचा मुलगा हाक मारायला आला. काकांनी आपल्या माडीवर, जुन्या मीटरच्या फळीमागे, एक पोपडा उचलला होता. लाल पट्टा तिथेही आहे, आणि वेल तीच, त्याच बाजूला वळलेली. कॅटलॉग तिथेच खिडकीत पडला होता.

चुना पिंपात घातला आहे, दोन पोती. फोडताना मी स्वतः उभी होते, आई दारातून "लांब हो, लांब हो" करत होती. देवळातल्या गवंड्याला नातूदादांनी सांगितल्याप्रमाणे जाऊन भेटले. तो दसऱ्यानंतर येतो म्हणाला आहे, आणि कंगणी पाचही घरांची एकदमच धरायची असं त्यानेच वर सांगितलं. पाचव्या घराचे मालक मुंबईला असतात. त्यांच्या माडीवर वेल जिथे यायला हवी तिथे भाडेकरूच्या दुकानाचा मोठा बोर्ड आहे. फोनवर परवानगी मिळाली. बुधवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा बोर्डाचे स्क्रू काढायचे आहेत. काका शिडी आणणार आहेत.